नवी फोटोशॉप घ्या, पण जुनी काढू नका

छपाई, फोटो स्टुडिओ व फ्लेक्सच्या धंद्यातील आमच्या अनेक बांधवांची पक्की समजूत आहे की, संगणकावर फोटोशॉपची नवी आवृत्ती बसवायची तर जुनी काढावीच लागते. हे खरे नाही. दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. प्लग-इन तेवढे प्रत्येकीत स्वतंत्र बसवावे लागतात.

जुनी हवीच कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न फॉन्टचा आहे. अॅडोबी कंपनीने 2021 साली फोटोशॉपमधून टाइप वन फॉन्टची सोय काढून टाकली. जुन्या लग्नपत्रिका, बिलबुके, दुकानांच्या पाट्या यांच्या फाइलींत असे फॉन्ट असतील तर नव्या आवृत्तीत तो मजकूर त्याच अक्षरात बदलता येत नाही. आणि गिऱ्हाईक तर म्हणते, मागचेच डिझाइन ठेवा, फक्त तारीख बदला!

खरी मेख पुढेच आहे. नवी आवृत्ती बसविताना 'जुन्या आवृत्त्या काढा' या पर्यायावर आधीच बरोबरची खूण असते. घाईत बटण दाबले की जुनी गेली. 2019 पासून कंपनी शेवटच्या दोनच मुख्य आवृत्त्या उतरवू देते, म्हणजे गेलेली परत मिळणे कठीण. नियमाने भाडे भरणाऱ्या व्यापाऱ्याला अशी वागणूक आम्हाला मुळीच पटत नाही. चोरीची सीडी हा त्यावर उपाय नव्हे. ज्यांच्याकडे 2021 ची किंवा त्याआधीची अधिकृत आवृत्ती अजून चालू आहे, त्यांनी ती खूण आधी काढावी आणि जुनी फाइल नवीत उघडण्यापूर्वी तिची नक्कल करून ठेवावी.