प्रवेशशुल्काआधीचे एक पान

कर्जाच्या कोणत्याही अर्जात रकमेच्या रकान्याजवळ आणखी एक रकाना असतो: प्रयोजन. व्यवहारात मुरलेल्या माणसाला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. माल भरण्यासाठी उचललेला पैसा वेगळा, गाळा घेण्यासाठी उचललेला वेगळा आणि जुनी देणी भागविण्यासाठी उचललेला तर अगदीच वेगळा. रक्कम एकच असली, तरी ती परत येण्याची वाट प्रयोजनावर ठरते. मात्र पिढ्यान्‌पिढ्या या हिशेबावर चाललेली कुटुंबेही मुलामुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आला की हा रकाना कोरा ठेवून रकमेखाली सही करतात.

अलीकडे हा प्रसंग एका नव्या रूपाने अनेक घरांत येत आहे. बी.कॉम. किंवा बी.बी.ए. झालेला मुलगा सांगतो की, त्याला कोडिंगच्या बूटकॅम्पला जायचे आहे. बूटकॅम्प हा शब्द मूळचा अमेरिकेच्या सैन्यातील. नव्याने भरती झालेल्या शिपायाला थोड्या काळात तयार करणारे कठोर शिबिर, हा त्याचा अर्थ. त्याच धर्तीवर, अभियांत्रिकीच्या चार वर्षांऐवजी तीन ते नऊ महिन्यांत संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकवून विद्यार्थ्याला नोकरीच्या दारापर्यंत पोहोचविण्याचे आश्वासन हे वर्ग देतात. ही कल्पना २०१२ च्या सुमारास अमेरिकेत रुजली. सॅन फ्रान्सिस्को येथील 'डेव्ह बूटकॅम्प' ही तिच्यातील आरंभीची संस्था. ती २०१७ मध्ये बंद झाली. कल्पना मात्र टिकली आणि भारतातही पसरली.

या मार्गाने अनेकांनी चांगली नोकरी मिळविली आहे, हे निर्विवाद. म्हणून मुलाने विषय काढताच 'हे सगळे फसवे असते' असे म्हणणे जितके चूक, तितकेच 'जमाना संगणकाचा आहे, जाऊ दे' म्हणून धनादेश लिहिणेही चूक. जाहिरातीतील आकडे तपासावे लागतात, याचा धडा अमेरिकेतच मिळाला आहे. तेथे २०१७ मध्ये सुरू झालेली 'लॅम्बडा स्कूल' ही संस्था आधी शुल्क न घेता शिकवीत असे. नोकरी लागून वार्षिक उत्पन्न ५०,००० डॉलरच्या वर गेले, की दोन वर्षे उत्पन्नाच्या १७ टक्के रक्कम द्यायची, कमाल ३०,००० डॉलर, असा करार होता. पुढे तिने नाव बदलले. एप्रिल २०२४ मध्ये तेथील ग्राहक वित्त संरक्षण विभागाने तिच्यावर कारवाई केली. विभागाच्या म्हणण्यानुसार हा करार म्हणजे कर्जच होते आणि ते कर्ज असल्याचे विद्यार्थ्यांपासून लपविले गेले होते. ७१ ते ८६ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लागते अशी जाहिरात होत असताना संस्थेच्या अंतर्गत नोंदींतील प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास, आणि काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली होते, असेही विभागाने नमूद केले.

भारतात अशा शुल्कासाठी बहुधा हप्त्यांची सोय पुढे केली जाते. मान्यताप्राप्त पदवीसाठी बँका देतात त्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. खाजगी वर्गांच्या कर्जात पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात येऊ शकतो. पैसे परस्पर संस्थेकडे जातात. देणेकरी म्हणून नाव मात्र विद्यार्थ्याचे किंवा वडिलांचे राहते. वर्ग मध्येच सोडला, तरी हप्ता थांबत नाही. 'बिनव्याजी हप्ता' या शब्दाला भुलण्याचेही कारण नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या अशाच योजनांबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज ही कल्पना मुळात अस्तित्वात नसल्याचे सांगितले होते. व्याज कोठेतरी मिळविलेलेच असते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार सही करण्यापूर्वी मुख्य अटींचे पत्रक ऋणकोला मिळाले पाहिजे. त्यात सर्व आकार धरून वार्षिक दर दिलेला असतो आणि फेरविचाराची मुदतही असते. त्या मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा आकार भरून, दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते. हे पत्रक वाचल्यावाचून मोबाइलवर अंगठा टेकवू नये.

आता खर्चाचे पान. सांगलीसारख्या गावातील हळदीच्या अडत पेढीवर बसणारा तेवीस वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. वर्गाचे शुल्क तीन लाख रुपये धरू. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे ५४,००० रुपये. ही ३,५४,००० रुपयांची रक्कम १२ टक्के दराने २४ हप्त्यांत फेडायची, तर हप्ता सुमारे १६,७०० रुपये आणि एकूण व्याज ४६,००० रुपयांच्या घरात जाते. सहा महिन्यांचा वर्ग आणि त्यानंतर नोकरी शोधण्याचे चार महिने, असे दहा महिने पुण्यात राहण्याचा खर्च दरमहा १५,००० प्रमाणे दीड लाख. तेवढेच महिने पेढीवर त्याच्या जागी ठेवलेल्या माणसाचा पगार, तोही दीड लाख. लॅपटॉपचे साठ हजार. बेरीज ७,६०,००० रुपये. जाहिरातीत तीन लाख दिसतात. घराच्या वहीत साडेसात लाखांहून अधिक लिहावे लागतात. आकडे प्रत्येक घरी बदलतील, परंतु दोन बेरजांमधील अंतर राहील.

एवढे भांडवल गुंतवायचे, तर प्रयोजन काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि तो प्रथम वडिलांनी मुलाला विचारण्याऐवजी मुलाने स्वतःला विचारावा. घरात हा संवाद पुष्कळदा एकाच वाक्यावर अडतो. वडील म्हणतात, "तुला पेढीवर बसायचं नाही, एवढंच ना?" मुलगा गप्प राहतो, कारण वाक्य अर्धे खरे असते. सकाळी दहा ते रात्री आठ तीच गादी, त्याच वसुलीच्या फेऱ्या आणि प्रत्येक निर्णयावर वडिलांचा किंवा काकांचा शेवटचा शब्द, यातून सुटावेसे वाटणे हा अपराध नव्हे. पण सुटका हे प्रयोजन होऊ शकत नाही. कंटाळ्यापासून दूर जाणाऱ्याला कोणतीही दिशा चालते आणि सहा महिन्यांनी नवा कंटाळा आला की तो तेथूनही निघतो. काही घरांत खरा प्रश्न कोडिंगचा नसतोच. पेढीत निर्णयाचा थोडा अधिकार मिळावा एवढाच असतो. तो साडेसात लाखांऐवजी एका बैठकीत सुटू शकतो.

म्हणून वहीचे एक कोरे पान घ्यावे आणि वर तारीख घालावी. पहिली नोंद: हे शिकून नेमके काय करायचे आहे? उत्तरात 'पॅकेज', 'स्कोप', 'आयटी' हे शब्द येऊ नयेत, एवढीच अट. दुसरी नोंद: या कामाचा रोजचा दिवस कसा असतो, हे ठाऊक आहे का? आज्ञावली लिहिणाऱ्याचा बराच वेळ दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात आणि आपलीच चूक शोधण्यात जातो. एखाद्या स्वल्पविरामासाठी तीन तास पडद्यासमोर बसावे लागते. बाजाराच्या गजबजाटात, सौदा ठरविण्यात आणि माणसे ओळखण्यात ज्याला आनंद वाटतो, त्याला हे एकांताचे काम मानवेल का, याचे उत्तर अन्य कोणी देऊ शकत नाही. तिसरी नोंद: आज हाती काय आहे? बहुतेक मुले येथे 'काहीच नाही' असे लिहितात आणि तेथेच चुकतात.

या तिसऱ्या नोंदीसाठी एक इतिहास आठवावा. श्यामसुंदर गोएंका यांचा कापड गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरविण्याचा व्यवसाय होता. हिशेब ठेवण्यासाठी मनाजोगती संगणकीय आज्ञावली मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेले आपले पुत्र भरत गोएंका यांना ती तयार करण्यास सांगितले. त्यातून १९८६ मध्ये बंगळूर येथे जे उभे राहिले, ते आज 'टॅली' या नावाने जवळजवळ प्रत्येक पेढीच्या टेबलावर आहे. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. या कथेतील क्रम महत्त्वाचा आहे. आधी वडिलांच्या वहीतील अडचण होती. संगणक नंतर आला. व्यापाऱ्याला सांकेतिक अंक पाठ करायला न लावता त्याच्याच पद्धतीने नोंद करता यावी, ही गरज घरातच कळलेली होती.

व्यापारी घरातील मुलाजवळ हे ज्ञान उपजत असते. उधारीचा ताळमेळ कोठे बिघडतो, मालाची घट कशी धरतात, पट्टी कशी होते, १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रात खरेदीची नोंद का जुळत नाही, हे त्याने पाहिलेले असते. अभियांत्रिकीच्या पदवीधराला ते शिकावे लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून साधी आज्ञावली यंत्रही लिहून देऊ लागले आहे. अशा काळात निव्वळ आज्ञावली लिहिता येण्यापेक्षा, कोणता प्रश्न सोडवायचा हे कळण्याची किंमत वाढते. 'अडत पेढीची वसुली व पट्टी यांचा हिशेब मोबाइलवर आणायचा आहे' हे वाक्य पहिल्या नोंदीत आले, तर त्या पानाला वजन येते. मग नोकरी मिळो वा न मिळो, शिकलेले वाया जात नाही.

चौथी नोंद कसोटीची. बँक कर्जदाराचा स्वतःचा वाटा किती, हे पाहते; त्याला मार्जिन म्हणतात. येथे तो वाटा वेळेचा असावा. शुल्क भरण्यापूर्वी आठ आठवडे, रोज दोन तास, घरी राहून विनामूल्य शिकावे. हार्वर्ड विद्यापीठाचा 'सीएस५०' हा प्रास्ताविक अभ्यासक्रम, २०१४ पासून चालणारे 'फ्रीकोडकॅम्प' आणि भारत सरकारचे 'स्वयं' ही साधने घरबसल्या उपलब्ध आहेत. पेढी बंद झाल्यावर रात्री नऊ ते अकरा बसता आले पाहिजे. रोज किती वेळ बसलो आणि कोठे अडलो, हे रोजमेळासारखे त्याच दिवशी लिहावे. आठ आठवड्यांत छप्पन्न दिवस होतात. त्यांपैकी पंचेचाळीस दिवस भरले आणि शेवटी लहानसे का होईना, स्वतःच्या पेढीला उपयोगी पडेल असे काही तयार झाले, तर शुल्क भरण्यास हरकत नाही. पंधराच दिवस भरले, तर वर्गाची शिस्त उरलेले भरून काढील या भरवशावर साडेसात लाख लावू नयेत.

पाचवी नोंद तोट्याच्या मर्यादेची. कोणत्या तारखेपर्यंत नोकरी किंवा काम न मिळाल्यास थांबायचे, तोवर एकूण किती रक्कम लावायची आणि त्यानंतर काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे. भाव पडत असताना माल कोठवर धरायचा, हे माल घेतानाच ठरविणारा व्यापारी रात्री शांत झोपतो. वर्गात जाण्यापूर्वी लिहिलेली मर्यादा थंड डोक्याने लिहिलेली असते. हप्ते थकल्यावर तसे डोके राहत नाही.

मुलींच्या बाबतीत या पानाकडे अधिक काळजीने पाहावे लागते. 'स्थळ ठरेपर्यंत काहीतरी शिकू दे' हे घराने परस्पर भरलेले प्रयोजन असते. त्यात तिचे वाक्य कोठेच नसते. पुष्कळ घरांत पेढीची विवरणपत्रे मुलगी किंवा सूनच भरते. तिसऱ्या नोंदीत लिहिण्यासारखे तिच्याजवळ भावापेक्षा अधिक असू शकते. पहिली नोंद तिने स्वतः लिहावी आणि लग्नानंतरही हे काम चालू ठेवायचे आहे की नाही, तेही तेथेच स्पष्ट लिहावे. स्थळ पाहताना ते वाक्य पुढच्या घरालाही सांगता येते.

पानाच्या दुसऱ्या बाजूला वडिलांच्या नोंदी असाव्यात. वर्ग संपेपर्यंत 'सीझन आहे, चार दिवस ये' असा निरोप पाठविणार नाही, ही एक. मर्यादेची तारीख उलटल्यावर मुलगा परत आला, तर गादीवर त्याची जागा असेल, ही दुसरी. आणि 'साडेसात लाख बुडविलेस' हे वाक्य चार पाहुण्यांसमोर कधी उच्चारले जाणार नाही, ही तिसरी. यांतील तिसरी लिहिणे सर्वांत कठीण आहे. व्यापारात बुडालेली उधारी वहीत बुडीत खाती टाकून पुढच्या वर्षी नव्या वहीने कामाला लागण्याची रीत आहे. तीच सवलत पोटच्या मुलाला देताना मात्र हात आखडतो.

दोन्ही बाजू लिहून झाल्यावर पिता-पुत्रांनी खाली सह्या कराव्यात आणि पान तिजोरीत ठेवावे. आठ आठवड्यांनी ते काढून, रोजमेळ शेजारी ठेवून, दोघांनी एकत्र वाचावे. शुल्काची पहिली पावती त्यानंतरच फाटावी.