चेंडू परत कशाला आणायचा?

मंडळी, आजची पोस्ट जरा भांडणाच्या सुरात आहे. आमचे काही नातेवाईक हे नियमित वाचतात आणि त्यातल्या दोन-तीन जणांच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहितो.

आमच्या सोमाटण्यात बंगले वाढले. फाट्यावरून आत वळलं की दर दोन-तीन फाटकांमागे एक लॅब्रॅडॉर नाहीतर जर्मन शेफर्ड. त्यातले बरेच मालक पुण्या-मुंबईचे. शनिवारी येणार, रविवारी संध्याकाळी परत हायवेला लागणार. मधल्या दिवसांत कुत्र्याच्या वाट्याला वॉचमनने ठेवलेला भात आणि चार फुटांची साखळी. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अहो, राखणीला ठेवलंय. त्याच्याशी काय चेंडू खेळत बसायचं?"

माझं म्हणणं, हो, बसायचं. रोज, निदान पंधरा मिनिटं. जमत नसेल तर कुत्रं पाळू नये, फाटकाला चांगलं कुलूप लावावं.

आता हे चेंडूचं एवढं कौतुक कशासाठी? चेंडूमागे धावणं ही शिकारीची उपजत ओढ. पळणारी वस्तू दिसली की तिचा पाठलाग करायचा आणि ती पकडायची, हे कुत्र्याच्या रक्तात आहे. खरी गंमत त्यानंतर. तोंडात आलेली 'शिकार' घेऊन ते खुशाल पळून जाऊ शकतं, सुरुवातीला जातंही. मग एक दिवस ते आपणहून परत येतं, चेंडू पायाशी टाकतं आणि आपल्या तोंडाकडे बघत उभं राहतं. चेंडूपेक्षा खेळ मोठा, आणि खेळ या माणसाशिवाय होत नाही, हे त्याला उमगलेलं असतं. विश्वास म्हणतात तो हाच. भाताच्या ताटलीने तो मिळत नाही, कारण भात कोणीही घालतं.

त्या बघण्यावरही अभ्यास झालाय बरं का. जपानमधल्या मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली 'सायन्स'मध्ये छापलं, की कुत्रं मालकाकडे जास्त वेळ बघत राहिलं की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळाच्या जवळिकीत काम करणारं हे संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसं दिसलं नाही. पुढे २०२० साली छापलेल्या स्वीडनमधल्या अभ्यासात लांडग्याच्या १३ पिल्लांसमोर अनोळखी माणसाने चेंडू टाकून पाहिला, तर तीन पिल्लांनी तो परत आणून दिला! म्हणजे हे बीज कुत्रं कुत्रं होण्याच्याही आधीचं असावं. आणि आपण त्यालाच खुंटीला बांधून ठेवतो.

"आमच्या आजोबांच्या कुत्र्याशी कोण खेळत होतं?" हा आमच्या आत्याचा हुकमी प्रश्न. आत्या, ते कुत्रं मोकळं होतं. आजोबांबरोबर शेतावर जायचं, गुरांमागे हिंडायचं. धनगरांची कुत्री आजही मेंढरांबरोबर मैलोगणती चालतात. त्यांना माणसासोबत करायला काम असतं. आपण काम काढून घेतलं आणि साखळी तेवढी ठेवली. निदान त्या कामाच्या बदल्यात खेळ तरी द्या.

कायद्यालाही हे सुचलं होतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात, कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा मालकाचा गुन्हा धरलाय. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. म्हणजे चेंडूच्याच किमतीत भागलं!

हल्ली चेंडू फेकणारं यंत्रही मिळतं. कुत्र्याने आणून त्यात टाकायचा, यंत्र पुन्हा फेकणार, मालक मोबाईलवर मोकळा. व्यायाम होईल, नाही म्हणत नाही. पण मग कुत्रं तोंडाकडे बघणार कोणाच्या? यंत्राच्या?

खेळणार असाल तर थोडं सांगतो. चेंडू घशात अडकणार नाही एवढा मोठा घ्या. काठी नको, तिच्या ढलप्या तोंडात घुसतात. उन्हात तापलेल्या डांबरावर नको. चेंडू ओढून घेऊ नका, दुसरा दाखवा, पहिला ते आपोआप सोडेल. पिल्लाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला उंच उड्या मारायला लावू नका, सांध्यांवर येतं. आपल्या मावळच्या पावसात व्हरांड्यात घरंगळत टाकलात तरी चालेल. काही कुत्र्यांना चेंडूत रसच नसतो. मग लपाछपी खेळा, पण खेळा.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. आपल्याला तर धावायचंही नाही. धावण्याचं काम कुत्रंच करणार, आपण नुसतं फेकायचं. तेवढंही होत नसेल, तर पाटीवरचा मजकूर बदला, 'मालकापासून सावध रहा' असा.

असो. रागावलात तर फोन करा. पण आधी आज संध्याकाळी पंधरा मिनिटं अंगणात उतरा.