‘याला कधी काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे



घोडेबाजारात पूर्वी भोवरे पाहत, घोडा पंचकल्याणी आहे का ते पाहत. गेल्या हंगामात मात्र एका विक्रेत्याने शिंगरू दाखवताना मला वेगळंच गुणवर्णन ऐकवलं. ‘डॉक्टर, या रक्ताला डासाचा मेंदूज्वर चढतच नाही. आजा-बापाला कधी काही झालं नाही. डीएनएच तसा आहे.’ शेजारच्या शेतकऱ्याने मान डोलावली आणि जास्तीचे पैसे मोजले. ही फसवणूक आहे, मग विक्रेत्याचा स्वतःचा त्यावर कितीही विश्वास असो.

रक्तात फरक असतो, हे मला मान्य आहे. डासांमार्फत पसरणारा आणि मेंदूज्वर आणणारा वेस्ट नाइल विषाणू १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शिरला आणि २००२ या एकाच वर्षात अमेरिकेत सुमारे १५ हजार घोडे आजारी पडले. ज्यांच्यात लक्षणं दिसतात, त्यांतले साधारण एक तृतीयांश दगावतात. पण डासाने विषाणू दिलेल्या बहुतेक घोड्यांना काहीच होत नाही. असं का, याचा एक धागा २०१० मध्ये अमेरिकी संशोधकांना ओएएस१ या जनुकात सापडला. विषाणू शिरला की शरीर इंटरफेरॉन सोडून इशारा देतं. त्या इशाऱ्यावर हे जनुक जागं होतं, त्यातून तयार होणारं विकर विषाणूचा आरएनए ओळखतं आणि दुसरं विकर त्याचे तुकडे करतं. आजारी आणि तगलेल्या घोड्यांमधले फरक जवळजवळ सगळे या जनुकाला जागं करणाऱ्या भागात निघाले. म्हणजे हत्यार दोघांकडेही असतं, पण ते किती जोमाने उपसलं जातं यात फरक असावा. याला कल म्हणता येईल. हमी म्हणता येणार नाही.

शिवाय असा अभ्यास घोड्यांत अवघड का, हे त्या विक्रेत्याला समजावून सांगायला हवं होतं. घोडा निरोगी राहिला, तो विषाणूला पुरून उरला म्हणून, की विषाणू असलेला डास त्याला कधी चावलाच नाही म्हणून? पागेत उभं राहून हे कळत नाही. त्यासाठी रक्तातली प्रतिपिंडं तपासावी लागतात. तिथेही आपल्याकडे पेच आहे. जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाइल हे एकाच कुळातले विषाणू. साध्या चाचणीत एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याची वाटू शकतात, म्हणून विषाणू निष्प्रभ होतो का ते पाहणारी किचकट चाचणी करावी लागते. एवढं सगळं केल्याशिवाय ‘या वंशाला होत नाही’ हे वाक्य उच्चारायचा अधिकार कुणालाच नाही.

आपल्या भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. त्याच्या डीएनएसाठी आयाळीचे केस मुळासकट घेतले जातील, तेव्हा त्याच घोड्याचं थोडं रक्तही घेऊन ठेवा, अशी माझी पशुसंवर्धन खात्याला कळकळीची विनंती आहे. नुसत्या केसांवरून वंश कळेल, पण त्या घोड्याची विषाणूशी गाठ पडली होती का, ते कळणार नाही. विषाणूंवर १९५२ पासून काम करणारी संस्था पुण्यातच आहे. मेंढपाळांबरोबर पावसाळाभर उघड्यावर हिंडणाऱ्या या घोड्यांची अशी नोंद झाली, तर ती जगाच्या कामी येईल.

आणि ज्याने ते शिंगरू घेतलं, त्या शेतकऱ्यासाठी. दादा, ‘याला होत नाही’ असं समजून बेफिकीर राहू नका. तबेल्याजवळ पाणी साचू देऊ नका, तिन्हीसांजेला जाळी लावा. शिंगरू मागच्या पायांनी लटपटू लागलं, ओठ थरथरू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. या आजारात घोड्याच्या रक्तात विषाणू इतका थोडा असतो की त्याच्यापासून डासांना लागण होत नाही, तेव्हा भीतीपोटी त्याला गावाबाहेर सोडून देऊ नका.

— एक निवृत्त पशुवैद्यक, दौंड