दवाखान्याला नाव की नावाला दवाखाना?

सरकारी दवाखान्याला अमुक माजी मंत्र्यांचं, तमुक माजी अध्यक्षांचं नाव द्या, अशी निवेदनं दरवर्षी माझ्याकडे येतात. खाली पन्नास-साठ सह्या, सोबत तहसीलदारांना निवेदन देतानाचा फोटो. मी बातमी लावतो. पण त्याच दवाखान्यात भूलतज्ज्ञ द्या, म्हणून साठ सह्या घेऊन आलेलं शिष्टमंडळ मला क्वचितच भेटलं.

नाव देण्याला माझा विरोध नाही. ज्यांनी काम केलं, त्यांची नावं राहिलीच पाहिजेत. प्रश्न नाव लागल्यानंतरचा आहे.

नांदेडचंच बघा. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला डॉ. शंकरराव चव्हाणांचं नाव आहे. नांदेडचे नगराध्यक्ष, दोन वेळा मुख्यमंत्री, पुढे केंद्रात गृहमंत्री आणि अर्थमंत्री. जायकवाडीचं, विष्णुपुरीचं पाणी त्यांच्या नावाशी जोडलेलं. शिस्त अशी, की लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणायचे. अधिकारी फाईल न वाचता त्यांच्यासमोर जायला घाबरायचे, हे जुनी माणसं आजही सांगतात. नाव योग्यच आहे.

आणि त्याच नावाच्या रुग्णालयात २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली. त्यात १२ नवजात बाळं होती. मग पुढारी आले, कॅमेरे आले. एका खासदारांनी तर अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करून घेतलं. टीव्हीला दृश्य मिळालं, वॉर्डात एक नर्स वाढली नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. तिथं विषय कोणते निघाले? रिक्त पदं, औषधखरेदी, आणि खरेदीसाठी काढलेल्या नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ प्रमुख नसणं. हेडमास्तरांच्या नावाच्या शाळेत मास्तरच पुरेसे नव्हते, असंच म्हणायचं ना?

काही जण म्हणतील, नाव द्यायला खर्च काय येतो? नावही द्या, पदंही भरा. बरोबर आहे. पण खर्च येत नाही, म्हणूनच नाव आधी होतं आणि पदं मागे राहतात. कमान उभी राहिली की पुढाऱ्याला काम केल्याचं समाधान आणि आपल्याला मिळवल्याचं. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसेल, तर सिझेरियन होत नाही. अडलेली बाई 'रेफर' होते, रात्री-अपरात्री जिल्ह्याच्या गावाला निघते. तिच्या नवऱ्याला कमानीवर कुणाचं नाव आहे ते त्या वेळी वाचायचं नसतं.

पुण्याच्या ससूनला डेव्हिड ससूनचं नाव आहे, कारण त्या माणसानं पदरचे पैसे दिले होते. आजची नावं लोकांच्या पैशावर उभ्या इमारतींना लागतात. मग लोकांनी एखादी अट घातली तर बिघडलं कुठं?

माझ्या दोन साध्या मागण्या आहेत. पहिली, नामकरणाच्या ठरावातच लिहा, की नावाच्या पाटीखाली दुसरी पाटी लागेल : मंजूर पदं किती, भरलेली किती, आज हजर किती. रोज खडूनं लिहिली तरी चालेल. दुसरी, त्या नेत्याच्या जयंतीला वॉर्डात केळी वाटून फोटो काढण्यापेक्षा रुग्ण कल्याण समितीनं वर्षाचा हिशेब लोकांसमोर वाचून दाखवावा. पैसा किती आला, कशावर गेला, किती पेशंट पुढे पाठवले आणि का.

ज्या नेत्याचं नाव, त्याच्या कार्यकर्त्यांनीच यासाठी पुढं यायला पाहिजे. दवाखाना बंद पडला की लोक "सरकारी दवाखाना असाच" म्हणत नाहीत, त्या नावासकट शिव्या घालतात. साहेबांची बेअब्रू विरोधक करत नाहीत, दाराला लागलेलं कुलूप करतं.

तेव्हा पुढच्या निवेदनावर सही करण्याआधी कार्यकर्त्यांना एकच विचारा : "साहेबांचं नाव देऊ, पण डॉक्टर कधी देताय?" उत्तर मिळालं तर मला कळवा. पहिल्या पानावर लावतो.