सरकारी पाटीमागचे तोतये

छोट्या उद्योजकाला आपल्या व्यवसायाची नोंद सरकारदरबारी करायची असेल, तर केंद्र सरकार त्यासाठी एक रुपयाही घेत नाही. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे, कागदपत्रांच्या प्रती जोडाव्या लागत नाहीत, आधार आणि पॅन यांच्या आधारे उद्योजकाने स्वतःच माहिती घोषित करायची असते. तरीही याच नोंदणीसाठी काहीशे ते काही हजार रुपये मोजणारे व्यावसायिक कमी नाहीत. त्यांनी कोणाला लाच दिलेली नसते, की दलालाची पायरी चढलेली नसते. सरकारी भासणाऱ्या संकेतस्थळावर सरकारी शुल्क समजून त्यांनी पैसे भरलेले असतात.

या नोंदणीची निकड अलीकडे वाढली, हे ध्यानात घेतले पाहिजे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकते करावे लागते. मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट त्या वर्षी मिळणार नाही, अशी तरतूद आयकर कायद्यात झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. त्यामुळे मोठ्या खरेदीदार कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे उद्यम प्रमाणपत्राची विचारणा करू लागल्या. कर्जाच्या अर्जासोबत बँकाही ते मागतात. ‘उद्यापर्यंत पाठवा’ असा निरोप आलेला वर्कशॉपचा मालक घाईघाईने मोबाइलवर ‘उद्यम नोंदणी’ असे शब्द टाकतो. नेमक्या याच घाईवर नकली संकेतस्थळांचा धंदा उभा आहे.

या संकेतस्थळांची रचना ठरावीक असते. नावात ‘उद्यम’, ‘एमएसएमई’, ‘भारत’, ‘पोर्टल’ अशा शब्दांची सरमिसळ, माथ्यावर तिरंगी पट्टी, अशोकचक्राशी साम्य सांगणारे चिन्ह आणि मूळ अर्जासारखाच दिसणारा अर्ज. ‘हे खासगी सल्लासेवेचे संकेतस्थळ असून सरकारशी त्याचा संबंध नाही’ हे वाक्य पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. पैसे भरले की थोड्या वेळाने फोन येतो आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला जातो. पलीकडची व्यक्ती त्याच वेळी सरकारच्या खऱ्या पोर्टलवर तोच अर्ज फुकट भरत असते.

या व्यवहारातील खरी मेख अशी, की अनेकदा ग्राहकाच्या हाती पडणारे प्रमाणपत्र अस्सल असते. काम झालेले असल्याने आपण फसलो, याचा त्याला पत्ताच लागत नाही. मग तक्रार कोण करणार? पण गेले ते केवळ पैसे नव्हेत. आधार क्रमांक, पॅन, बँक खात्याचा तपशील आणि ओटीपी अनोळखी माणसाच्या हवाली झालेला असतो. अर्जात मध्यस्थाचाच मोबाइल क्रमांक किंवा ई-मेल नोंदवला गेला असेल, तर पुढे साध्या दुरुस्तीसाठीही मूळ मालकाला त्याच्याच दारी जावे लागते. नोंदणी कायमस्वरूपी असूनही ‘नूतनीकरणा’च्या नावाखाली पुन्हा पैसे मागितले जातात, ते वेगळेच.

यावर असा युक्तिवाद केला जातो, की मदतीचे पैसे घेण्यात गैर काय? तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा, आरटीओच्या दारातला एजंट, करसल्लागार हे सारे मेहनतानाच घेतात. हा युक्तिवाद पूर्णपणे खोटा नाही. ज्याला अर्ज भरता येत नाही वा वेळ नाही, त्याने मोबदला देऊन मदत घेणे हा सरळ व्यवहार आहे. मात्र कचेरीबाहेर टेबल मांडून बसलेला माणूस साहेब नाही, हे गिऱ्हाइकाला दिसत असते. नकली संकेतस्थळ थेट साहेबाच्या खुर्चीत बसते. आक्षेप मध्यस्थीला नाही, वेषांतराला आहे. मध्यस्थीची किंमत ग्राहक ठरवू शकतो. वेषांतरापुढे त्याला पर्यायच उरत नाही.

कायद्याचा विचार केला तर तरतुदी आहेत. राजमुद्रेच्या गैरवापरास २००५ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तर दंडाची कमाल मर्यादा अवघी पाच हजार रुपये आहे. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण राजमुद्रेऐवजी तिच्याशी साम्य असलेले चिन्ह वापरले आणि तळाशी बारीक अक्षरांतला खुलासा ठेवला, की फसवणुकीचा हेतू सिद्ध करणे अवघड बनते. ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध केंद्राने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, पण त्यांचा धाक या क्षेत्रापर्यंत पोचल्याचे जाणवत नाही.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. ब्रिटनमध्ये पासपोर्ट, वाहन परवाना, लंडनमधील वाहतूक शुल्क अशा सेवांची नक्कल करणारी संकेतस्थळे चालवणाऱ्या सहा जणांना २०१८ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. सुमारे तीन कोटी ७० लाख पौंडांच्या फसवणुकीचे ते प्रकरण होते. एकेका ग्राहकाचे नुकसान किरकोळ होते, म्हणून यंत्रणेने ते किरकोळ मानले नाही. आपल्याकडे नेमका हाच दृष्टिकोन कमी पडतो. परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टच्या नकली संकेतस्थळांची नावे जाहीर करून नागरिकांना सावध केले आहे. उद्यम पोर्टलवरही हे पोर्टल आणि सरकारच्या एक खिडकी यंत्रणा वगळता अन्य कोणासही नोंदणीचा अधिकार नसल्याची सूचना आहे. पण खऱ्या पोर्टलवरची सूचना वाचतो तो खऱ्या पोर्टलवर पोचलेलाच. जो वाटेत अडवला गेला, त्याच्यापर्यंत ती जाणार कशी?

ओळखीची खूण एकच असती, तर काम सोपे झाले असते. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट केवळ सरकारी संस्थांनाच मिळतो. नुसता ‘डॉट इन’, ‘डॉट ओआरजी’ किंवा ‘डॉट कॉम’ कोणालाही विकत घेता येतो. उद्यम, पासपोर्ट, आयकर या सेवा सरकारी शेवटावर आहेत. पण रेल्वेची तिकिटे ‘डॉट को डॉट इन’वर, महावितरणची बिले नुसत्या ‘डॉट इन’वर आणि पॅनचे अर्ज अधिकृत कंपन्यांच्या खासगी पत्त्यांवर. सरकारच आपली ओळख अशी विखरून ठेवत असेल, तर नागरिकाने खरे-खोटे ओळखावे कसे? रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव शेवटाकडे वळण्यास सांगितले. नागरिकांकडून पैसे किंवा आधार मागणाऱ्या प्रत्येक सरकारी सेवेला हाच नियम लावणे अशक्य नाही.

तोवर काही पथ्ये पाळावी लागतील. पत्ता उजवीकडून वाचावा: पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी लगेच काय आहे, ते पाहावे, मधे कोठे तरी ‘जीओव्ही’ असण्याला अर्थ नाही. कुलपाचे चिन्ह माहिती सुरक्षितपणे जात असल्याचे सांगते, ती कोणाकडे जाते हे नव्हे. शोधयादीत वर दिसणाऱ्या जाहिराती ओलांडून पुढे जावे. फोनवर ओटीपी सांगू नये. मदत हवीच असेल तर जिल्हा उद्योग केंद्र आहे. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि ग्राहक तक्रारीसाठी १९१५ हे क्रमांक आहेत. काम झाले असले तरी तक्रार करावी, कारण तक्रारींची नोंदच नसेल तर यंत्रणेच्या लेखी हा प्रश्न अस्तित्वातच नसतो.

सेवा फुकट केली म्हणजे सरकारची जबाबदारी संपत नाही. ती फुकट आहे, हे शेवटच्या माणसापर्यंत पोचवणे आणि तिच्या दारात दुसऱ्या कोणाला पाटी लावू न देणे, हाही त्याच सेवेचा भाग आहे. अन्यथा जे शुल्क सरकारने माफ केले, ते तोतये वसूल करत राहतील आणि नागरिक मात्र ते सरकारच्याच नावावर मांडत राहतील.