पहिली दुर्बीण कोणती घ्यावी ?

परीक्षेचा निकाल लागला किंवा दिवाळी जवळ आली म्हणजे कांहीं पालकांकडून एक प्रश्न आमच्याकडे हटकून येतो : मुलाला आकाश पाहण्याचा नाद लागला आहे, त्याला दुर्बीण कोणती घेऊन द्यावी ? हा प्रश्न ऐकून आम्हांस आनंद होतो. कारण मुलाच्या जिज्ञासेसाठीं चार पैसे बाजूस काढण्याची तयारी ज्या घरांत आहे, तें घर विद्येचें खरें चाहतें होय. परंतु उत्तर देतांना आम्ही अंमळ कचरतों. भलती दुर्बीण घेतली तर पैसे जातातच. पण त्याहून मोठी हानि ही कीं, 'आकाशांत पाहण्यासारखें कांहीं नाहीं' किंवा 'आपल्याला तें जमत नाहीं', अशी मुलाची समजूत होऊन बसते. पैसे पुन्हां मिळवितां येतात. विझलेली जिज्ञासा पुन्हां पेटविणें कठीण असतें. म्हणून या विषयीं आमचें मत येथें स्पष्टपणें मांडण्याचें योजिलें आहे.

बाजारांत मिळणाऱ्या स्वस्त दुर्बिणीच्या पेटीवर रंगीबेरंगी तेजोमेघांचें चित्र असतें आणि खालीं मोठ्या अक्षरांत, 'वस्तु इतक्याशें पट मोठी दिसते', अशी ग्वाही असते. या दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकास भुलविणाऱ्या आहेत. असलीं चित्रें १९९० सालीं अंतराळांत सोडलेल्या हबलसारख्या प्रचंड दुर्बिणींनीं पुष्कळ वेळ प्रकाश साठवून घेतलेलीं असतात. लहान दुर्बिणींतून आपल्या डोळ्यास तोच तेजोमेघ करड्या धुरासारखा दिसतो. पटींची गोष्ट तर याहून सोपी आहे. मुख्य भिंगाच्या अथवा आरशाच्या केंद्रांतरास नेत्रभिंगाच्या केंद्रांतरानें भागिलें म्हणजे पटी निघतात. ९०० मिलिमीटर केंद्रांतराच्या दुर्बिणीस २५ मिलिमीटरचें नेत्रभिंग लाविलें तर ३६ पट, आणि १० मिलिमीटरचें लाविलें तर ९० पट. याहून लहान नेत्रभिंग लावून हा आंकडा हवा तितका फुगवितां येतो. पण नळींत शिरणारा प्रकाश तेवढाच राहतो. दुधांत पाणी घालून भांडें भरावें, तसाच हा प्रकार ! मुख्य भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरास सुमारें दोन पट, ही उपयोगाची शेवटची मर्यादा समजावी. म्हणजे ६० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीस १२० पट पुष्कळ झाले. त्यापुढें चित्र मोठें होतें, पण अंधुक व थरथरतें होतें. गॅलिलिओनें १६१० च्या जानेवारींत गुरूचे चंद्र शोधून काढिले, ते सुमारें २० पट दाखविणाऱ्या दुर्बिणीनें. हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

तर मग पाहावयाचें काय ? पहिली गोष्ट, व्यास. अंधारांत आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटर व्यासाचें भिंग तिच्या दसपट रुंद, म्हणून शंभरपट प्रकाश गोळा करितें. दुसरी गोष्ट, बैठक. दुर्बीण वस्तु मोठी करते तसा आपल्या हाताचा कंपही मोठा करते. लुटुलुटु हालणाऱ्या तिवईवर उत्तम भिंगही कुचकामाचें; वाऱ्याची झुळूक आली कीं चंद्र नाचूं लागतो, आणि मूल कंटाळून आंत जातें. दुर्बीण घेतांना नळीकडे एकदां पाहावें आणि तिवईकडे दोनदां पाहावें.

आतां आमचें मुख्य मत सांगतों, आणि तें कित्येकांस विचित्र वाटेल. पहिल्या वर्षीं दुर्बीण मुळींच घेऊं नये. ज्यास मृग, रोहिणी, सप्तर्षि आणि वृश्चिक उघड्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहींत, त्याला दुर्बीण कोठें लावावी हेंच कळत नाहीं. मराठींत या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं 'ज्योतिर्विलास' एकोणिसाव्या शतकांतच सामान्य वाचकांच्या हातीं दिला, आणि त्यासच 'रात्रीची दोन घटका मौज' असें दुसरें नांव ठेविलें. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटें. तेवढा वेळ रोज रात्रीं गच्चीवर काढिला, तर वर्षभरांत सारें नक्षत्रचक्र परिचयाचें होतें.

त्या वर्षांत एखादें साधन हवेंच असेल, तर दोन्ही डोळ्यांनीं पाहावयाची बायनॉक्युलर घ्यावी. तिच्यावर ७×५० किंवा १०×५० असे आंकडे असतात : पहिला पटींचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा मिलिमीटरांत. कोपरें कठड्यावर टेकून तिच्यांतून पाहिलें असतां चंद्रावरचीं मोठीं विवरें, गुरूचे चार चंद्र, कृत्तिकांतील डझनावारी तारे, मृगाच्या तलवारींतील तेजोमेघ आणि देवयानी तारकासमूहांतील ती सुप्रसिद्ध दीर्घिका दिसते. तिचा प्रकाश सुमारें २५ लक्ष वर्षें प्रवास करून आपल्या डोळ्यांत शिरतो. शिवाय नाद सुटला तरी ही वस्तु वायां जात नाहीं. पक्षी पाहण्यास ती उपयोगी पडते.

कोणी म्हणेल, 'मूल आज मागत आहे. वर्षभर थांबविलें तर त्याचा उत्साह ओसरेल.' हा आक्षेप पोकळ नाहीं. मुलाचा उत्साह नाशिवंत असतो खरा. पण आम्ही त्याला रित्या हातानें बसावयास सांगत नाहीं. आकाश, नकाशा आणि सोबतीला आई किंवा बाप, एवढें त्याला आजच द्यावें असें सांगतों. एवढ्यानें ज्याचा उत्साह टिकत नाहीं, त्याचा महागड्या नळीनेंही टिकणार नाहीं.

वर्ष सरलें आणि नाद पक्का ठरला, म्हणजे साडेचार ते सहा इंच व्यासाची आरशाची दुर्बीण, साध्या लांकडी बैठकीवर बसविलेली, अशी घ्यावी. या बैठकीस डॉब्सनचें नांव आहे. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्को येथील वेदांत सोसायटीच्या मठांत राहत. त्यांनीं टाकाऊ कांचा घांसून आरसे केले, प्लायवुडच्या पेट्यांच्या बैठकी केल्या, आणि १९६८ पासून मित्रांसह रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांस चंद्र व शनि दाखविण्यास आरंभ केला. अशा दुर्बिणींत पैसा आरशावर खर्च होतो, झगमगाटावर होत नाहीं. तिच्यांतून शनीचीं कडीं आणि गुरूवरचे पट्टे स्पष्ट दिसतात. खरेदी पावसाळा संपल्यावर करावी. नाहीं तर नवी दुर्बीण चार महिने ढगांकडे पाहत बसेल. आणि दमट हवेंत भिंगांस बुरशी धरते, म्हणून कोंकणपट्टींतील मंडळींनीं ती नीट कोरडी ठेवावी.

एवढा खर्च एका घरास झेपत नसेल, तर चार-पांच कुटुंबांनीं मिळून एक दुर्बीण घ्यावी. घेण्यापूर्वीं एखाद्या आकाशदर्शनास जाऊन निरनिराळ्या दुर्बिणींना डोळा लावून पाहावा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचें खगोल मंडळ १९८५ पासून हौशी मंडळींस एकत्र आणीत आलें आहे. वस्तूपेक्षां माणूस महत्त्वाचा, हें पुण्याच्याच इतिहासानें शिकविलें आहे. तेथील सायन्स कॉलेजांत १८८८ सालीं स्थापन झालेल्या वेधशाळेंत वीस इंची आरशाची मोठी दुर्बीण होती. प्राध्यापक नायगमवाला १९१२ सालीं निवृत्त झाले, तेव्हां ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पाहणारा डोळा गेला, म्हणजे वीस इंची आरसाही पोरका होतो.

एक ताकीद मात्र कठोरपणें देतों. दुर्बिणींतून वा बायनॉक्युलरमधून सूर्याकडे कधींही पाहूं नये. क्षणांत दृष्टि जाते. कांहीं स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रभिंगास लावावयाची काळी कांच येते. ती उष्णतेनें तडकते. ती मुलाच्या हातीं पडण्यापूर्वींच फोडून टाकावी.

पालकहो, मुलाला दुर्बीण द्या. पण तिच्या आधीं आपल्या रात्रींतल्या दोन घटका द्या. त्या कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहींत, आणि गरीब-श्रीमंत सर्वांपाशीं त्या सारख्याच आहेत.