घबाड आणि झरा

सणासुदीच्या सवलतीला आपण सर्रास 'बोनान्झा' म्हणतो. मूळ स्पॅनिश शब्द दर्यावर्दींचा: शांत समुद्र, अनुकूल हवा. पुढे खाणवाल्यांनी तो भरघोस धातूच्या साठ्याला लावला. अमेरिकेत नेवाडातल्या कॉमस्टॉक खाणींत १८७३ साली हजारेक फूट खोल चांदी-सोन्याचं घबाड लागलं, तेच 'बिग बोनान्झा'. खाली कढत पाणी फुटायचं, जीवघेणा उकाडा. खाणकामगार बर्फाच्या आधाराने, थांबत थांबत खणायचे. आणि १८८० उजाडेपर्यंत तो साठा सरत आला! अवचित लाभणं नि संपणं, दोन्ही या शब्दात आहे. म्हणून ग्रंथालयाला किंवा जिवंत झऱ्याच्या विहिरीला बोनान्झा म्हणू नका. उपसूनही जे पुन्हा भरतं, त्याला हा शब्द शोभत नाही.